उलटा अर्धा फेरा

बाबांनी मृत्युपत्रात एक्झिक्युटर म्हणून मला नेमलं आहे, हे वकिलांनी वाचून दाखवलं तेव्हा समोर आम्ही तिघं भावंडं होतो आणि तिघांचाही विश्वास बसला नाही.

"परत वाचा," दादा म्हणाला.

वकिलांनी परत वाचलं.

"याला? हा किती वाजले तेसुद्धा वाढवून सांगतो!"

हे साफ खोटं आहे. वेळेच्या बाबतीत मी पक्का आहे. डोंगरांची उंची, नद्यांची रुंदी, वाघाचं अंतर यांत थोडं इकडंतिकडं होतं, पण ते भूगोलाच्या मास्तरचं होणारच. कधी न पाहिलेल्या देशांबद्दल सदतीस वर्षं बोलत राहायचं म्हणजे खायचं काम नाही. एकदा वर्गात ज्वालामुखी शिकवला, तर मागच्या बाकावरच्या दोघांच्या भुवया जळाल्या. विचारा कुणालाही.

वकिलांनी चष्मा काढून पुसला. "मी विचारलं होतं त्यांना. मोठा मुलगा असताना मधला का? ते म्हणाले, मोठ्याचं सगळे ऐकतात, त्यामुळे तो कागद करत नाही. मधल्यावर कुणाचाच विश्वास नाही. त्याला प्रत्येक गोष्ट लेखी आणावीच लागेल."

यावर छोटी फिस्सकन हसली. छोटी म्हणजे आमची धाकटी बहीण. वय वर्षं एकसष्ट, पण घरात ती छोटीच.

मृत्युपत्र सरळ होतं. जे काही असेल त्याचे तीन सारखे भाग, आणि दुकान छोटीला. दुकान म्हणजे आठ फूट रुंदीची कुलपांची खोली. भिंतीवर किल्ल्या इतक्या, की जोराचा वारा आला तर चार गल्ल्यांपलीकडच्या लोकांना शाळा सुटली असं वाटायचं. बाबा त्र्याण्णवाव्या वर्षापर्यंत तिथे बसले. छोटी चाळीस वर्षं त्यांच्या शेजारच्या स्टुलावर. लग्न नाही, दुसरी नोकरी नाही, दुसरी जागा नाही. दुकानाच्या मागच्या खोलीतच ती राहते, तिचं दार वेगळं, मागच्या बोळात.

आणि नेमक्या त्याच महिन्यात ती सगळी इमारत विकली गेली. नव्या मालकाचं पत्र आलं. तळमजल्यावरचं कुलपांचं दुकान जुन्या नोंदींप्रमाणे भाड्याचं दिसतं, मालकीचं असल्यास मूळ खरेदीखत या महिन्याच्या तीस तारखेला संध्याकाळी पाचपर्यंत दाखवावं, अन्यथा एक तारखेला जागा रिकामी करून घेण्यात येईल. नोंदणी कार्यालयात नक्कल मागायला गेलो तर तिथला कारकून म्हणाला, "मिळेल की. त्या वर्षाच्या वह्या भिजल्यात. वाळल्या की सहा महिन्यांत देतो."

मूळ खरेदीखत बँकेच्या लॉकरमध्ये होतं. लॉकर बाबांच्या एकट्याच्या नावावर. चार तारीख होती. सव्वीस दिवस. म्हटलं, सव्वीस दिवसांत मी शाळेतल्या पोरांना अख्खी पृथ्वी फिरवून आणायचो.

बँकेत टोकन घेतलं तेव्हा माझी दाढी गुळगुळीत होती. माझा नंबर लागला तेव्हा मी दाराच्या काचेत स्वतःला ओळखलं नाही.

"ग्राहक कुठे आहेत?" काउंटरवरच्या बाईंनी विचारलं.

"वारले."

"मग अर्जावर सही कोण करणार?"

"मी. एक्झिक्युटर."

"लॉकरचा अर्ज ग्राहकानंच द्यायचा असतो."

"बाई, ग्राहक वारले म्हणूनच अर्ज द्यायचाय."

"ते कळलं हो मला. पण या रकान्यात ग्राहकाची सही लागते." त्यांनी रकान्यावर बोट ठेवलं. रकाना होता खरा.

तासाभराच्या चर्चेनंतर दुसरा अर्ज सापडला. मयताच्या लॉकरचा. त्याला मृत्यूचा दाखला आणि तीन प्रती. दुसऱ्या दिवशी घेऊन गेलो, तर तिसऱ्या प्रतीवर शिक्का उलटा. तो सुलटा करून आणला, तर बाई रजेवर. त्यांच्या जागी बसलेल्या गृहस्थांनी सगळे कागद पाहिले, मान डोलावली आणि म्हणाले, "हे बाई आल्या की त्यांनाच द्या."

बाई आल्या. कागद घेतले. चार दिवसांनी बँकेचं पत्र आलं, बाबांच्या नावानं. "प्रिय ग्राहक, आपल्या निधनाची नोंद आमच्याकडे झाली आहे. याबाबत आपली काही हरकत असल्यास सात दिवसांत शाखेत समक्ष यावे."

मी ते पत्र घेऊन थेट मॅनेजरच्या केबिनमध्ये घुसलो. मॅनेजर पस्तिशीचा, टाय घातलेला, टेबलावर पाण्याची हिरवी बाटली. पत्र त्याच्या पुढ्यात आपटलं.

"हे काय आहे?"

त्यानं शांतपणे वाचलं. "हे संगणकाकडून जातं, काका. सगळ्यांनाच जातं."

"कुणी आलं होतं का आजवर समक्ष?"

"अजून तरी नाही," तो गंभीरपणे म्हणाला. "पण सात दिवस थांबावं लागतं."

सात दिवस थांबलो. बाबा हरकत घ्यायला आले नाहीत. एकोणीस तारीख उजाडली. आता फक्त एकच कागद राहिला होता, सगळ्या वारसांचं ना हरकत पत्र. छोटीनं उभ्याउभ्या सही केली. मी दादाकडे गेलो.

दादाचं घर तिसऱ्या मजल्यावर. बेल वाजवली की दार नेहमी वहिनीच उघडते, आणि त्याला कारण आहे. दादा कुलपाला हात लावत नाही. दहाव्या वर्षापासून तो बाबांच्या हाताखाली होता, आणि हात असा, की कानस चालवताना लोखंड स्वतःहून बाजूला सरायचं. एकोणिसाव्या वर्षी त्यानं स्वतःचं पहिलं अख्खं कुलूप केलं. तीन महिने खपून. बाबांनी चार गिऱ्हाइकांसमोर ते कानाला लावलं, किल्ली फिरवली आणि म्हणाले, "डबा आहे." झालं. दादा तसाच उठला, हात धुतले आणि वीज कंपनीच्या कचेरीत चिकटला. तेव्हापासून घराची, कपाटाची, बॅगेची, कसलीही किल्ली वहिनीच फिरवते.

"सही कशावर?" दादानं चष्मा न लावताच विचारलं.

"लॉकर उघडायला तुझी हरकत नाही, यावर."

"आत काय आहे?"

"दुकानाचं खरेदीखत."

"आणखी?"

"मला काय माहीत?"

"आईच्या बांगड्या कुठायत मग? सहा होत्या. सोन्याच्या. आई गेल्यावर दिसल्याच नाहीत." दादानं कागद माझ्याकडे सरकवला. "आत काय काय आहे त्याची यादी आण. मग सही."

"लॉकर उघडल्याशिवाय यादी कशी आणू?"

"आणि यादीशिवाय मी सही कशी करू?"

"अरे, बँक तुझ्या सहीशिवाय उघडत नाही!"

"मग बँकेला सांग, मी यादीशिवाय सही करत नाही."

वहिनी आतून म्हणाली, "भावजी, चहा टाकू?" मी म्हटलं, टाका. म्हटलं निदान एक गोष्ट तरी या घरात ना हरकत पत्राशिवाय होते.

दुसऱ्या दिवशी बँकेला सांगितलं. बँक म्हणाली, यादी उघडल्यावर. दादाला सांगितलं. दादा म्हणाला, उघडणं यादीनंतर. चार दिवस मी या दोघांच्या मध्ये असा फिरलो, की माझ्या चपलांनी रस्त्यात चर पडला. नगरपालिकेनं तो नंतर बुजवला. प्रत्येक वेळी छोटीकडे जाऊन सांगायचं, "उद्या होईल." आणि ती कानस थांबवून "हो" म्हणायची. तिनं एकदाही विचारलं नाही, नाही झालं तर काय. चोवीस तारखेला मात्र मला दिसलं, की मागच्या खोलीतली तिची भांडी खोक्यात भरलेली आहेत.

मी मटकन स्टुलावर बसलो. बाबांच्या.

"भाऊ, एक सांगू?" छोटी म्हणाली. "रागावणार नसशील तर."

"आता रागावायलासुद्धा ताकद नाही."

"दादानं सही केली तरी ते उघडणार नाही."

"काय?"

"बँकेची किल्ली चालायची नाही. ते कुलूप बँकेचं नाहीये. बाबांचं आहे."

मी तिच्याकडे बघत राहिलो. आमच्या घरात गोष्टी रचून सांगण्याचा मक्ता माझ्याकडे आहे, आणि तिच्या चेहऱ्यावर तसलं काही नव्हतं.

गोष्ट अशी, की लॉकर घेतला त्याच दिवशी बाबा घरी येऊन म्हणाले होते, "त्याला कुलूप म्हणायचं का? बिस्किटाचा डबा बरा." त्यांना झोप लागेना. लॉकरच्या खोलीत ग्राहकाला एकटं सोडतात, आत तो काय करतो हे कुणी बघत नाही. बाबा दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जाऊ लागले. चष्म्याच्या घरात बारका पेचकस. एका खेपेला एक स्क्रू सैल, एका खेपेला एक पट्टी बाहेर, त्या जागी त्यांची पट्टी आत. अकरा वर्षं. वरचं तोंड तेवढं बँकेचं ठेवलं, आतलं सगळं बदललं. बाहेरच्या पहारेकऱ्याला वाटायचं, म्हातारा सोनं मोजतोय.

"आणि पट्ट्या कुणी केल्या?" मी विचारलं.

छोटीनं कानस उचलली आणि घासायला लागली.

"म्हणजे उलटा अर्धा फेरा?"

"हो. तोच."

हे आमच्या घरचं दुखणं. बाबांच्या प्रत्येक कुलपाला किल्ली आधी उलटी फिरवायची, अर्धा फेरा, आणि मग सुलटी. "चोर घाईत असतो, आणि घाईतला माणूस उलटा जात नाही," असं त्यांचं म्हणणं. बरं, अर्धा म्हणजे किती? ते किल्ली बोटाला सांगते म्हणे. दादाला सांगायची, छोटीला सांगायची. मला कधी काही बोलली नाही. शाळेतून आलो की दुसरं कुणी येईपर्यंत मी पायरीवर बसायचो आणि भूगोलाचं पुस्तक वाचायचो. मी त्या विषयाचा मास्तर झालो तो त्या कुलपामुळे.

पंचवीस तारखेला मी मॅनेजरला सगळं खरं सांगितलं. स्क्रू, पेचकस, अकरा वर्षं, सगळं. आयुष्यात पहिल्यांदा एका शब्दाचीही भर घातली नाही.

मॅनेजरनं हिरव्या बाटलीतून पाणी प्यायलं. "काका, लॉकरचं कुलूप ग्राहकाला बदलता येत नाही."

"त्यांनी बदललं."

"नाही येत. परिपत्रकात तसं आहे." त्यानं खरोखरच परिपत्रक काढून दाखवलं. "कळतं मला, वडील गेले की माणूस हळवा होतो. तुम्ही जरा विश्रांती घ्या."

"तुम्ही एकदा किल्ली लावून तरी बघा!"

"ना हरकत पत्राशिवाय किल्ली लावता येत नाही."

मी डोकं टेबलावर टेकवलं. बहुतेक त्याला माझी दया आली. म्हणाला, "एक करता येईल. सगळे वारस समक्ष हजर असतील तर ना हरकत पत्र आधी लागत नाही. उघडल्यावर रजिस्टरमध्ये तिथेच सही घेतात."

"हे तुम्ही चार तारखेला का नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

दादाला हे सांगितलं तेव्हा त्याचे डोळे चमकले. "येतो की. समोर उभा राहून बघतो, कोण काय काढतंय ते." त्याच्या सवडीचा दिवस मात्र निघाला तीस तारीख. त्याआधी त्याला दातांच्या डॉक्टरकडे जायचं होतं. कुलपाबद्दल मी त्याला काही बोललो नाही. बोललो असतो तर तो म्हणाला असता, ही याची नवी थाप.

तीस तारखेला सकाळी अकराला आम्ही तिघं लॉकरच्या खोलीत उभे होतो. खोली म्हणजे चारी बाजूंनी पोलादी कप्पे, मध्ये एक स्टूल आणि छताला दम लागलेला पंखा. मॅनेजर स्वतः किल्ली घेऊन आला. ती बँकेची, दुसरी बाबांची, माझ्याकडची. दोन्ही लावल्याशिवाय लॉकर उघडत नाही, असा नियम.

त्यानं बँकेची किल्ली घातली. ती गरगर फिरली. एकदा, दोनदा, दहादा. जणू हवेत.

"मी सांगितलं होतं," मी म्हटलं.

"कुलूप नादुरुस्त दिसतंय," मॅनेजर म्हणाला.

बाबांची किल्ली घातली. ती हललीच नाही. मॅनेजरनं रुमाल गुंडाळून जोर लावला. मग पहारेकऱ्यानं लावला. मग फोन करून बँकेनं ठरवलेला माणूस बोलावला. तो ड्रिल घेऊन दीडला आला, जेवून पावणेतीनला सुरुवात केली आणि पहिल्या मिनिटाला ड्रिलचं टोक मोडलं. दुसरं लावलं. तेही गेलं. तिसरं टोक असं उडालं, की पंख्याचं एक पातं कापून गेलं आणि पंखा तेव्हापासून जरा बरा चालायला लागला.

"काय घातलंय आत?" ड्रिलवाल्यानं कपाळ पुसलं. "साहेब, माझ्या बापजन्मात असं पोलाद बघितलं नाही. उद्या मोठं मशीन आणतो."

"उद्या नाही चालणार!" मी ओरडलो.

छोटी भिंतीला टेकून उभी होती. तिच्या चेहऱ्यावर काळजी होती, पण ड्रिलचं प्रत्येक टोक मोडताना ओठांचा एक कोपरा वर जात होता. साडेतीन वाजले होते.

"साहेब, मी बघू का?" तिनं विचारलं.

"नाही. दुकान तुमच्या नावानं आहे ना? ज्यांना वस्तू मिळणार त्यांनी कुलपाला हात लावायचा नाही. फक्त एक्झिक्युटर."

म्हणजे मी. साऱ्या खानदानातला एकमेव माणूस, ज्याच्याशी कधी किल्ली बोलली नाही.

मी किल्ली धरली. छोटी मागून हळू आवाजात सांगू लागली. "उलटी. सावकाश. आता थांब. जास्त झालं. काढ बाहेर, परत घाल. उलटी... आता जरासं अडल्यासारखं होईल."

"होत नाहीये."

"होईल. बोटं सैल सोड."

"सैलच आहेत!"

"भाऊ, तू किल्ली धरलीयेस की खडू?"

चार वाजले. सव्वाचार. माझ्या बोटांना घाम सुटला. प्रत्येक वेळी उलटी फिरवायचो आणि सुलटी करताना ती भिंतीला लागल्यासारखी थांबायची. डोळ्यांसमोर ती खोक्यातली भांडी दिसत होती, आणि जितकी दिसत होती तितकी बोटं ताठ होत होती. दादा इतका वेळ हाताची घडी घालून, कोण काय काढतंय त्यावर नजर ठेवून होता. पण काही निघतच नव्हतं, त्यामुळे नजर माझ्या हातांवर होती. मी विसाव्यांदा चुकलो तेव्हा त्याच्या उजव्या हाताचा अंगठा आपोआप हललेला मी पाहिला.

"अरे किती पुढे जातोस!" तो एकदम खेकसला. "अर्ध्याला अर्धा म्हणतात! इतकी वर्षं झाली, अजून तेच. हो बाजूला!"

"साहेब, तुम्हाला हात लावता येत नाही," मॅनेजर म्हणाला. "नियमाप्रमाणे..."

दादानं मला खांद्यानं ढकललं, किल्ली दोन बोटांत घेतली आणि डोळे मिटले. किल्ली उलटी गेली. थांबली. त्यानं डोकं जरासं कलतं केलं, बाबा करायचे तसं. आणि खट्.

मॅनेजरचं "नियमाप्रमाणे" अजून तोंडातच होतं. दार उघडलं होतं.

दादा स्वतःच्या हाताकडे असा बघत होता, की जणू तो हात न विचारता कुठेतरी जाऊन आला होता.

आत एक लांबट पाकीट आणि तेलाच्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी. बांगड्या नव्हत्या. पाकिटात खरेदीखत होतं आणि त्याला टाचणीनं सराफाची जुनी पावती लावलेली. सोन्याच्या सहा बांगड्या, खरेदीखताच्याच आठवड्यात विकलेल्या.

"पण आईच्या हातात तर शेवटपर्यंत होत्या," दादा म्हणाला.

"त्या पितळेच्या," छोटी म्हणाली. "बाबांनी केलेल्या. किल्ल्यांच्या पट्टीतून. दुकानात खिळ्याला लावल्यात, तू कधी आत आला असतास तर दिसल्या असत्या."

दादानं फडकं उचललं. आत एक कुलूप होतं, मुठीएवढं, एका कडेला कानस जरा जास्त लागलेली. त्याला किल्ली बांधलेली. मी ते ओळखलं नाही. दादानं ओळखलं. त्यानं ते कानाला लावलं, किल्ली फिरवली, परत फिरवली.

"अडकतंय," तो म्हणाला. "खरंच अडकतंय."

तेवढ्यात मॅनेजरनं रजिस्टर पुढे केलं. मला वाटलं, आता विचारणार, कुलूप कुणी बदललं? छोटीचा चेहराही उतरला. मी तोंड उघडून परत पहिल्या सोमवारपासून सांगायला लागलो.

"काका, पुरे," मॅनेजर म्हणाला आणि लिहू लागला. लिहिता लिहिता मोठ्यानं वाचत होता. "ग्राहकास कुलूप बदलता येत नसल्याने... सदर कुलूप बँकेचेच असून... देखभालीअभावी नादुरुस्त झाले. वारसांना झालेल्या त्रासाबद्दल बँक दिलगीर आहे." त्यानं खाली शिक्का मारला. सुलटा.

"उघडणाऱ्याची सही इथे. आणि त्याखाली वारसांची. वस्तू दिल्याबद्दल काही हरकत नाही, अशी."

दादानं चष्मा लावला. अख्खं पान वाचलं, पावती पुन्हा वाचली. मी घड्याळाकडे बघितलं. चार बत्तीस. मग त्यानं दोन्ही ठिकाणी सही केली आणि कुलूप खिशात टाकलं.

"बघतोस काय?" तो माझ्यावर ओरडला. "पळ!"

नव्या मालकाचं ऑफिस दोन चौक पलीकडे, चौथ्या मजल्यावर. लिफ्ट बंद. मी जिने असा चढलो, की दुसऱ्या मजल्यावर माझी सावली मागे राहिली. मालकाच्या माणसानं खरेदीखत उलटून पालटून पाहिलं, उजेडात धरलं, वास घेतला. "ठीक आहे," तो म्हणाला, "सांगतो मी साहेबांना."

"सांगू नका. लिहून द्या."

"अहो, मी सांगितलं म्हणजे झालं."

"पोच लिहून द्या. तारीख, वेळ, सही, शिक्का. आणि मूळ कागद पाहून परत दिला, असंही लिहा."

त्यानं कपाळाला आठ्या घातल्या, पण लिहिलं. चार चोपन्न. मागून जिना चढून आलेल्या छोटीनं ती पोच हातात घेतली आणि तिथेच पायरीवर बसली. बराच वेळ उठेना. मग म्हणाली, "भांडी काढायला हवीत खोक्यातून."

दुकान राहिलं, यात काही शंका नाही. लेखी आहे माझ्याकडे. त्रास मात्र संपला असं मी म्हणणार नाही. एक तारखेला सकाळी दादा दुकानात आला, बाबांचं जुनं कुलूप काढलं आणि दाराला स्वतःचं लावलं. ते कुलूप रोज अडकतं. छोटीला उघडत नाही, तिच्या हाताला ते बोलत नाही म्हणे. बँकेच्या ड्रिलवाल्यालाही उघडलं नाही. ते फक्त दादालाच उघडतं, आणि दादा साडेदहाशिवाय येत नाही, कारण वहिनीनं आता घराचं दार उघडायचं सोडून दिलंय, दूधवाल्यापासून कामवालीपर्यंत सगळ्यांना दार उघडून मगच तो निघतो.

तोवर छोटी बाहेर पायरीवर बसून वाट बघते. गिऱ्हाइकंही बसतात. मीही जातो बऱ्याचदा. पायरीवर जागा असली की मी त्यांना नद्यांबद्दल सांगतो.